खोटी माशी, खरा मासा

नऊ फुटांची, वजनाला जेमतेम शंभर ग्रॅमची छडी. छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार. पाठीला जाळी, जाकिटाला खिसेच खिसे. असा सगळा सरंजाम करून वितळत्या बर्फाच्या पाण्यात मांड्यांपर्यंत उभं राहायचं आणि गळाला लावायचं काय? तर काहीच नाही! म्हणजे पोटात जाण्याजोगं काही नाही. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, कोळंबी नाही. कोंबड्याचं पीस, सशाचे चार केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली एक खोटी माशी, बस्स. हे सारं कोणासाठी, तर वाटाण्याएवढ्या मेंदूच्या ठिपकेदार ट्राउट माशासाठी. आणि बहुतेक वेळा जिंकतो तो मासाच.

या खेळाला फ्लाय फिशिंग म्हणतात. पापलेटचे कल्ले उचलून पाहणं हेच ज्यांच्या लेखी मासळीतलं परमोच्च कौशल्य आहे त्यांना (त्यात मीही आलो) हे वेड पचायला जरा वेळ लागतो. पण एकदा त्याच्या भानगडी कळायला लागल्या की मासा राहतो बाजूला आणि माणसंच जास्त रंगतदार वाटू लागतात.

फेकायची ती दोरी

आपल्याकडच्या गरीला शिसं बांधतात. त्या वजनानं गळ लांब जाऊन पडतो आणि दोरी त्याच्या मागून जाते. इथे सगळं उलटं. माशीला वजनच नाही, ती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीत भरलेलं असतं. फेकायची ती दोरी. माशी बापडी तिचं शेपूट धरून जाते. दोऱ्यांना नंबर असतात. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. एवढ्याच जिवावर सगळा खेळ. छडी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं, मग पुढे. नवशिक्याला तो क्षण धरवत नाही आणि त्याची पहिली शिकार मागचं झाड असते. अमेरिकेच्या जोन वुल्फ यांनी १९६० मध्ये माशी १६१ फुटांवर नेऊन टाकली होती. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या सलग अंथरल्या तरी ही फेक त्यांच्या पुढेच.

दंडाच्या याच लयदार हालचालीचा एक वेगळाच उपयोग १९९६ पासून अमेरिकेत केला जातो. ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांना नदीकाठी नेऊन फ्लाय फिशिंग शिकवते. खांद्याला व्यायाम, डोक्याला विसावा, आणि मासा लागलाच तर तो वरकमाई.

छडीच्या इतिहासात आपल्या कोलकात्याचं नाव कोरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर बांबू उभा चिरून, त्याच्या त्रिकोणी कांबी एकमेकींना चिकटवून छड्या बनवू लागले, तेव्हा तो बांबू जायचा हिंदुस्थानातून. त्याचं बाजारातलं नाव ‘कलकत्ता केन’. त्यावर भाजल्याचे काळे डाग असायचे, ते टाळून चांगल्या कांबी काढणं हीच कारागिराची परीक्षा. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधल्या ‘टोंकिन’ बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि छड्या बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग फायबर ग्लास आणि नंतर ग्रॅफाइट आलं. ज्यांनी आधीच बांबू साठवून ठेवला होता, ते मात्र त्यावर बरीच वर्षं निभावले.

अठराशे वर्षांची फसवणूक

हे साहेबाचं खूळ आहे असं वाटत असेल तर थांबा. इसवी सनाच्या दोनशेच्या आसपास ईलियन या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. तिथल्या अस्त्रेयस नदीत ठिपकेदार कातडीचे मासे पाण्यावर तरंगणाऱ्या एका माशीवर तुटून पडत. पण ती माशी हातात धरली की तिचा रंग उडे आणि मासे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. मग कोळ्यांनी गळाला लाल लोकर गुंडाळली, कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावली आणि सहा फुटी काठीला सहा फुटी दोरी बांधून काम फत्ते केलं. आजच्या दुकानात मिळणारी माशीही याच नमुन्याची आहे. फक्त किंमत वाढली.

इंग्रजीत या विषयावर छापलेलं पहिलं पुस्तक १४९६ चं. त्यात बारा माश्या कशा बांधायच्या याच्या कृती आहेत. ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीनं लिहिलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पुराव्याच्या नावानं मात्र आनंद आहे. तरी मला ही दंतकथा आवडते. मठातली प्रार्थना उरकून ओढ्यावर पळणारी जोगीण कोणाला आवडणार नाही?

मग आले पंथ. इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट आणि इचेन या खडूच्या टेकड्यांतून निघणाऱ्या, आरशासारख्या स्वच्छ नद्या. तिथे फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या पुस्तकातून तरंगत्या माशीचा धर्मच स्थापन केला: माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, तीही समोर दिसणाऱ्या माशापुढेच टाकायची. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाला हे पटेना. ट्राउट बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकतो, मग माशीही पाण्याखालीच का नको, असा त्यांचा साधा सवाल. १९१० मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि जुन्या मंडळींनी पाखंड म्हणून गहजब केला. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर चक्क जाहीर वाद झाला. हॅलफर्ड तोवर निवर्तून दोन तपं झाली होती, पण अनुयायी गुरूपेक्षा कडवे असायचेच. माशाला माशी बुडवून फसवायचं की तरंगवून, एवढाच मुद्दा. आणि त्यावर मोठमोठी माणसं तावातावानं भांडली.

पिसांची दुनिया

खरी धमाल आहे ती माशी बांधण्याच्या सामानात. उत्तम तरंगणारी माशी करायला कोंबड्याची अशी पिसं लागतात, ज्यांचे तंतू ताठ, चकचकीत आणि एकाच लांबीचे असतील. त्यासाठी अमेरिकेत कोंबड्यांच्या खास जाती पैदा केल्या आहेत. अंड्यांसाठी नव्हे, मटणाच्या दुकानासाठी तर नव्हेच; निव्वळ मानेवरच्या आणि पाठीवरच्या पिसांसाठी. २०११ मध्ये अमेरिकी मुलींमध्ये केसांत हीच लांब पिसं माळायची टूम निघाली. गायक स्टीव्हन टायलर टीव्हीवर पिसं लावून झळकला आणि हेअर सलूनवाल्यांनी मासेमारीची दुकानं धुऊन नेली. भाव कित्येक पटींनी चढले. बापे बिचारे रिकाम्या हातानं परत. फॅशन ओसरली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ नावाची एक गाजलेली ब्रिटिश माशी आहे. गुलाबीसर, मऊ, ट्राउटला भारी प्रिय. तिची कृती बरीच वर्षं गुपित होती. गुपित फुटलं तेव्हा कळलं, की ती खास लोकर मेंढ्याच्या वृषणावरची आहे! नाव ठेवलं होतं स्क्यूजवकिलांनी, आणि ‘टप’ म्हणजे मेंढाच. तरीही सभ्य समाजात ते नाव बिनदिक्कत चाललं.

त्याहून वेडा किस्सा ‘चॅडविक्स ४७७’ चा. हा कुठला गुप्तहेर नव्हे, मोजे रफू करायच्या लोकरीचा नंबर. फ्रँक सॉयर हे इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार. पाण्याखालच्या माश्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका माशीत तर त्यांनी धाग्याऐवजी बारीक तांब्याची तारच वापरली, म्हणजे वजनही आलं आणि रंगही. त्यांच्या ‘किलर बग’ या किड्यासाठी मात्र त्यांना हीच लोकर लागे. ओली झाली की तिच्यावर जी करडी-गुलाबी झाक येई ती दुसऱ्या कशाला नाही. कंपनीनं ती लोकर साठच्या दशकात बंद केली. तेव्हापासून जुन्या शिवणपेट्या धुंडाळणं हा एक जोडधंदा झाला आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली मूठभर लोकर दागिन्याच्या भावानं विकली जाऊ लागली. आजीनं काय काय फेकून दिलं असेल, या विचारानं कितीतरी नातवांची झोप उडाली असणार.

आणि मग गुन्हा. सामन माशासाठी बांधायच्या जुन्या व्हिक्टोरियन माश्यांना दुर्मीळ पक्ष्यांची रंगीत पिसं लागत. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या खिडकीची काच फोडून एडविन रिस्ट नावाचा बासरी शिकणारा विद्यार्थी आत शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी बॅगेत भरून रेल्वेनं निघून गेला. त्यातले काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी मलायाच्या बेटांवर गोळा केलेले होते. उत्क्रांतीचा सिद्धान्त डार्विनबरोबर मांडणारे तेच वॉलेस. पिसं इंटरनेटवर माश्या बांधणाऱ्या शौकिनांना विकली गेली. गडी पकडला गेला, पण त्याला मिळाली ती स्थगित शिक्षा. या चोरीवर २०१८ मध्ये ‘द फेदर थीफ’ हे पुस्तकही आलं. माझ्या मते या सगळ्या छंदातलं हे सर्वांत लाजिरवाणं प्रकरण: ज्या माश्या त्यातून बांधल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक पाण्यात टाकण्यासाठी नव्हत्याच. काचेच्या चौकटीत ठेवायच्या होत्या.

आता सह्याद्रीत या. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सांडून वाळावा तसा पांढरा-पिवळा चकचकीत ठिपका असतो. माशीच्या दोन्ही बाजूंना ही पिसं लावली की लहानग्या माशाचा डोळाच वाटतो. ब्रिटिशांच्या काळात या पिसांसाठी रानकोंबड्यांची मनमुराद कत्तल झाली आणि पिसांचे गठ्ठे बोटीनं विलायतेला गेले. ‘जॉक स्कॉट’सारखी प्रसिद्ध माशी या पिसांवाचून पुरी होत नाही. आज भारतात हा पक्षी कायद्यानं संरक्षित आहे, त्याच्या पिसांचा व्यापार बंद आहे. म्हणून इंग्लंडमध्ये आता हे रानकोंबडे पिंजऱ्यात वाढवतात.

ताटातले पदार्थ

नक्कल ज्यांची करायची ते मूळ कीटकही काही कमी नाहीत. मेफ्लाय पाण्याखाली वर्षभर किंवा त्याहून जास्त काढते आणि पंख फुटल्यावर जगते काही तास, फार तर एक-दोन दिवस. तिला कामाचं तोंडच नसतं. खाणं नाही, पिणं नाही, फक्त लग्नघाई. अमेरिकेतल्या एका जातीची मादी तर पंख आल्यावर पाच मिनिटंही जगत नाही. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा दुसरा कीटक जगात नाही. त्यामुळे चोखंदळ मच्छीमार कात टाकण्याआधीची आणि नंतरची अशा दोन वेगळ्या माश्या बांधतात. मिसिसिपी नदीवर या एवढ्या संख्येनं एकदम उडतात, की हवामान खात्याच्या रडारवर पावसासारखा ढग दिसतो.

कॅडिस नावाच्या कीटकाची अळी वाळू आणि काड्या तोंडातून काढलेल्या रेशमानं चिकटवून अंगाभोवती नळी बांधते. युबेर ड्युप्रा या फ्रेंच कलावंतानं तिच्यासमोर वाळूऐवजी सोन्याचे कण, मोती आणि रत्नं ठेवली. अळीनं निमूटपणे सोन्याचं घर बांधलं. ट्राउट ही अळी नळीसकट गिळतो. सोन्याची नळी अजून कुणी त्याला वाढलेली नाही.

ट्राउटला वरचं जग दिसतं ते गोल खिडकीतून. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे डोक्यावरचं सगळं आकाश, झाडं आणि काठावरचा माणूस त्याला ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेले दिसतात. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. म्हणून जाणते लोक वाकून, माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूनं येतात. मासा तोंड प्रवाहाकडे करूनच उभा असतो, हे त्यांना ठाऊक असतं.

ब्रिटनमध्ये छडीवाचून मासा धरण्याची एक जुनी चोरवाट आहे: काठावर पालथं पडून हात पाण्यात घालायचा, माशाच्या पोटाला हळूच गुदगुल्या करायच्या आणि तो सुस्तावला की उचलायचा. शेक्सपिअरनं ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये याचा उल्लेख केला आहे. ही थाप नव्हे, पण तिथल्या बहुतेक पाण्यांत हा गुन्हा आहे.

बर्फातून आलेला पाहुणा

ट्राउटला थंड पाणी लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमहून थोडा जास्त, २५ अंशांना जेमतेम आठ. वीस अंशांवर त्याला धाप लागते. मग हा युरोपातला मासा उष्ण समुद्र ओलांडून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचला कसा? अंड्यांच्या रूपात. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून ओल्या शेवाळात गुंडाळलेली आणि बर्फाखाली ठेवलेली अंडी तीन महिने प्रवास करून टास्मानियात पोचली, उबली, आणि तिथून तीन वर्षांत न्यूझीलंडही काबीज झालं. थंडी असली की अंड्याची वाढ रेंगाळते, हे त्यामागचं गुपित. १० अंशांना अंडं फुटायला सुमारे चाळीस दिवस. पाणी त्याहून थंड असेल तर मुक्काम वाढतो.

हिंदुस्थानात पहिला प्रयत्न निलगिरीत, १८६३ मध्ये. डॉ. फ्रान्सिस डे, ज्यांनी पुढे भारतातल्या माशांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यांना काही ते जमलं नाही. काश्मीरला १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं अंडी धाडली, ती वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेला दुसरा हप्ता जगला. पिल्लं वाढवली कोणी, तर श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी. महाराजा प्रतापसिंहांचा वरदहस्त होताच. हरवनला मत्स्यबीज केंद्र निघालं, मिचेल मत्स्य खात्याचे प्रमुख झाले आणि लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांत तपकिरी ट्राउट स्थायिक झाला. तिथूनच १९०९ मध्ये हॉवेल या अधिकाऱ्यानं तो कुलूला नेला. हिमाचलात आज पतलीकुहल आणि बरोटला सरकारी ट्राउट फार्म आहेत, तर तीर्थन नदीचं खोरं शौकिनांची पंढरी. दक्षिणेत मुन्नारच्या चहामळेवाल्यांनी इंद्रधनुषी ट्राउट सोडला, तो तिथल्या डोंगरात अजूनही आहे.

हा पाहुणा दिसतो देखणा, पण वागतो जावयासारखा. तपकिरी आणि इंद्रधनुषी, दोन्ही ट्राउट जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत आहेत. हिमालयातला मूळचा ‘स्नो ट्राउट’ म्हणजे उत्तराखंडातला ‘असेला’. नावानं ट्राउट, पण कुळानं रोहू-कटल्याचा भाऊबंद. त्याची पिल्लं आणि त्याचं खाद्य दोन्हींवर हा परदेशी डल्ला मारतो. साहेब गेला, त्याचा मासा राहिला, आणि आपण त्याच्या नावानं रिसॉर्ट काढले.

हिणवण्यात मात्र घाई नको, कारण पुण्याचाही एक मासा असाच बाहेर जाऊन आगंतुक ठरला आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या एका महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचं नाव ‘टॉर खुद्री’. गळाला लागल्यावर ट्राउटला लाजवेल अशी झुंज देणारा हा दख्खनी मासा. धरणं आणि सांडपाण्यानं तो कमी होऊ लागला तेव्हा, सत्तरच्या दशकापासून, लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी त्याची पैदास केली. काम मोलाचं. पण त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली, तिथे ती फोफावली, आणि तिथला मूळचा मोठ्ठा कुबडा महसीर मागे हटत गेला. त्या कुबड्याला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीतही गेला. बारसं आणि अत्यवस्थ असल्याचा दाखला एकाच साली!

मासा पाहायला गळच लागतो असंही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे म्हणून तिथले महसीर गावकरी धरत नाहीत, धरू देत नाहीत.

तरी हिमालयात गरी टाकायचीच असेल तर आधी त्या राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना काढा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीमुळे मासेमारी बंद असते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा बेत तारखा बघूनच आखा. गळ काटा नसलेला घ्या, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. बुटांना फेल्टचे तळवे नकोत. त्यातून एका नदीचं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं म्हणून न्यूझीलंडनं २००८ मध्येच त्यांवर बंदी घातली. आणि वाळणकोंडला जाणार असाल तर गरी घरी ठेवा.